आमच्या वर्गाची मुकादम

तिचा मोबाइल इतक्या वेगानं बोलायचा की पहिल्या दिवशी मला वाटलं, तो बिघडलाय. साखळी गावाच्या बाजूला असलेल्या आमच्या कॉलेजातला बी.ए.चा पहिला तास होता. मी पेडण्याहून निघून, म्हापशाला बस बदलून धापा टाकत वर्गात शिरले आणि दिसली त्या रिकाम्या जागेवर बसले. शेजारच्या मुलीच्या हातातून मळणीच्या यंत्रासारखा एकसारखा आवाज येत होता. कुणीतरी मराठीत बोलतंय एवढं कळत होतं, पण एकही शब्द सुटा होत नव्हता.

"अगो, तुझा फोन खराब झालाय," मी म्हटलं.

"फोन बरो आसा," ती म्हणाली. "तुझे कान हळू आसत."

एवढं बोलून तिनं एका कानात इअरफोन अडकवला आणि चेहरा माझ्याकडे वळवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला दिसत नाही. फोन तिला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत होता आणि तिनं त्याचा वेग शेवटच्या टोकापर्यंत नेऊन ठेवला होता. मी ओशाळले. ती मात्र पुढं म्हणाली, "सावकाश बोलणाऱ्यांचा माका कंटाळा येता. माणसांचं काय करता येत नाय, यंत्राचं तरी करूया."

तिचं नाव वैजयंती. गाव मये. वडील खाणीवर मुकादम होते आणि खाणी बंद पडल्यावर घरामागच्या कुळागरात सुपारी-केळी बघत होते. पण वर्गात तिला मुकादम हे नाव पडलं ते वडिलांमुळं नव्हे. पहिले दोन महिने झाल्यावर वर्गातल्या प्रत्येकाला ती काही ना काही काम लावून मोकळी झाली होती, आणि गंमत म्हणजे ती कामं आम्ही करत होतो.

आपल्या डोळ्यांबद्दल ती फारसं बोलत नसे. एकदाच, बसची वाट बघताना मी विचारलं तेव्हा तिनं दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. "आठवीत फळो गेलो, दहावीत पुस्तक गेलं. मग डॉक्टर झाले, देव झाले, आणि मग म्हटलं आता अभ्यास करूया." मधली दोन वर्षं घरात बसून गेली होती, त्यामुळं ती आमच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. हे दोन वर्षांचं मोठेपण मात्र ती पुरेपूर वापरायची.

आमच्या वर्गाचा अभ्यास म्हणजे फोटो. इतिहासाचे सर फळा भरून लिहायचे आणि तास संपायला पाच मिनिटं राहिली की आम्ही सगळे उभे राहून मोबाइल वर धरायचो. फोटो काढला की तो भाग शिकून झाला, असं मनापासून वाटायचं. माझ्या फोनमध्ये चुलत बहिणीचा वाढदिवस, आमचं मांजर, नव्या काबिजादींवरचा फळा, पुन्हा मांजर, असा सगळा इतिहास एकत्र नांदत होता. परीक्षा जवळ आली की वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी सरांच्या मागच्या वर्षीच्या हस्तलिखित नोट्सचे फोटो एकत्र करून टाकायचा, आणि सगळे खाली अंगठे दाखवायचे. वाचायचं कोण, हा प्रश्न कुणी काढत नसे.

दुसऱ्या सत्रात प्रिन्सिपलनी विद्यार्थ्यांची बैठक बोलावली. कॉलेजात शिकण्यासाठी तुम्हाला कुठल्या सोयी हव्यात ते सांगा, असं ते म्हणाले. आमच्याकडे यादी तयार होती. वायफाय कँटीनपर्यंत पोचला पाहिजे. प्रत्येक वर्गात स्मार्टबोर्ड पाहिजे. सगळे तास रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकले पाहिजेत. प्रज्योत नावाचा आमचा एक मित्र होता, हुशार आणि तितकाच आळशी. त्यानं तर हजेरीसुद्धा घरून लावता आली पाहिजे असं सुचवलं. प्रिन्सिपल हसत हसत लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि बाय, तुला काय हवंय?"

मुकादम उभी राहिली. "सर, माका एकच जाय. जे लिहिलेलं आहे ते वाचता येईल असं द्या."

प्रिन्सिपलना कळलं नाही. ते म्हणाले, "नोट्स तर सगळ्यांना मिळतात ना?"

तिनं फोन काढला, आमच्यासाठी त्याचा वेग कमी केला आणि आदल्याच दिवशी ग्रुपवर आलेल्या नोट्स उघडल्या. सभागृहात तो यंत्राचा संथ आवाज घुमला. "पान एक. इमेज. पान दोन. इमेज. पान तीन. इमेज." ती शांत उभी होती. आम्ही आधी हसलो, सातव्या-आठव्या पानाला गप्प झालो. "पान बारा. इमेज. पान तेरा. इमेज." प्रिन्सिपलनी पुरे म्हणून हात वर केला, मग हात दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "पुरे बाय, समजलं."

"समजलं म्हणून बंद करू, की कंटाळा आला म्हणून?" तिनं विचारलं.

ते प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्ही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि खाली बसली. त्या नोट्स बेचाळीस पानांच्या होत्या.

स्मार्टबोर्ड दोन महिन्यांत आला. वाचता येणाऱ्या नोट्स काही आल्या नाहीत. मुकादमनं त्यांची वाट बघितलीही नाही. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखून पकडायला लागली. "सानिका, तुका पान एक आणि दोन. मोबाइलवर टाइप करून आयतवारपर्यंत माका पाठव. प्रज्योत, पळू नको, तुझी चप्पल माका ठाऊक आसा. तुका तीन आणि चार."

"माका टायपिंग येत नाय गो," प्रज्योत म्हणाला.

"दिवसभर कोणाकोणाक मेसेज करतंस ते पायांनी करतंस काय?"

मला पाच आणि सहा मिळाली. आधी आम्ही सोपी वाट शोधली. फोटोवरून मजकूर काढून देणारं एक अॅप होतं, ते सानिकानं वापरून बघितलं. पण सरांचं अक्षर आणि त्या अॅपचं काही जमेना. गोव्यातल्या जुन्या गावकारी संस्थेवर दोन पानं होती. अॅपनं तिची 'भाकरी संस्था' केली आणि पुढं गावातली जमीन भाकरीच्या मालकीची असून भाकरीच देवळाचा खर्च चालवत असे, असा इतिहास तयार झाला. मुकादमनं तो ऐकला आणि बाकावर डोकं टेकून हसली. मग म्हणाली, "यंत्राक वापरा, पण त्याच्या मागून वाचत जावा. त्यानं भाकरी दिली म्हणून खावची नाय."

प्रज्योतनं त्याहून सोपी वाट काढली. आपली दोन पानं टाइप करायच्या ऐवजी त्यानं एका चॅटबॉटला विषय सांगितला आणि जे गुळगुळीत उत्तर आलं ते तसंच पाठवून दिलं. सोमवारी सकाळी मुकादम त्याच्यासमोर उभी राहिली.

"प्रज्योत, पेडणं खंय येता?"

"खंय म्हणजे?"

"जुन्या काबिजादीत की नव्या?"

त्याच्या मजकुरात पेडणं आणि डिचोली या दोन्ही महालांना पोर्तुगिजांनी अगदी सुरुवातीलाच जिंकून घेतलं होतं. जुन्या काबिजादी पोर्तुगिजांनी आधी जिंकल्या, नव्या खूप नंतर, हा फरक सरांनी तीन तास समजावला होता. आमचा सगळा भाग नव्या काबिजादीतला, म्हणूनच आमची देवळं राहिली, आमची बोली अशी राहिली, असं ते दर वेळी सांगायचे.

"तू डिचोलीत जन्मलंस, डिचोलीत वाढलंस," मुकादम म्हणाली. "यंत्र चुकलं त्याचं माका काय नाय, त्यानं डिचोली बघितलेली नाय. तू बघितलीस. आणि तू न वाचता पाठवलंस."

तिनं आवाज चढवला नव्हता, तरी प्रज्योतचे कान लाल झालेले मी बघितले. त्यानं त्याच दिवशी लायब्ररीत बसून दोन्ही पानं नीट टाइप करून दिली. पुढं तोच आमच्यातला सगळ्यात खमक्या तपासनीस झाला. कुणीही यंत्राकडून काही काढून आणलं की तो ते सरांच्या मूळ नोट्सशी ताडून बघायचा आणि चूक सापडली की विजयी मुद्रेनं मुकादमला वाचून दाखवायचा.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या नकळत घडत गेली. टाइप करायचं म्हणजे वाचावं लागत होतं, आणि नीट टाइप करायचं म्हणजे समजावं लागत होतं. आपण लिहिलेलं तिला कळलं नाही तर ती उलट विचारायची आणि उत्तर द्यावं लागायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी मला परीक्षेत जे गुण मिळाले ते बघून माझ्या आईनं गुणपत्रिका दुसऱ्या कुणाची तर नाही ना, हे नाव वाचून तपासलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी एका रविवारी तिच्या घरी मयेला गेले. तळ्याच्या अलीकडं रस्ता उतरतो तिथं त्यांचं मंगलोरी कौलांचं घर. काका, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर पेपर घेऊन बसले होते आणि मोठ्यानं वाचत होते. आत तिचा फोन होता, त्यात सगळे पेपर होते, तरी हा कार्यक्रम रोज सकाळी चालायचा. मी तिला हळूच विचारलं, फोन असताना काकांना कशाला त्रास? ती म्हणाली, "फोन बातमी वाचता. बाबा बातमीवर चिडतत. माका चिडलेली बातमी जाय." काका खाणींवरची बातमी वाचत होते आणि प्रत्येक वाक्याला थांबून मंत्र्यांना उत्तर देत होते. ती पेज पीत, हसत ऐकत होती.

जेवताना काकांनी मला विचारलं, "कॉलेजात हिका मुकादम म्हणतात म्हणे?" मी घाबरत हो म्हटलं. ते खूश झाले. म्हणाले, "मी तीस वर्षं माणसांक काम सांगलं. एकच शिकलो. जो काम सांगता, त्याका ते काम दुसऱ्यापेक्षा जास्त समजलेलं आसूंक जाय. नायतर लोक ऐकतत आणि पाठीमागून हसतत." मला तेव्हा उमगलं की मुकादमच्या मागून कुणी का हसत नव्हतं. आम्ही दोन-दोन पानं करायचो. ती सगळी पानं पाठ करायची.

त्याच वर्षी तिला पहिला खरा मार बसला. परीक्षेत तिला लेखनिक मिळायचा, म्हणजे ती सांगणार आणि दुसरं कुणीतरी लिहिणार. नियमानुसार लेखनिक तिच्याहून खालच्या इयत्तेतला हवा. त्या वर्षी अकरावीतली एक मुलगी दिली होती. चांगली मुलगी होती, पण हात हळू आणि इतिहासाचे शब्द तिनं कधी ऐकलेले नव्हते. मुकादम चार वाक्यं सांगायची, ती दोन लिहायची. कठीण शब्द आला की विचारायला संकोच वाटून तो गाळायची. मुकादमला हे समजायला काहीच मार्ग नव्हता. निकाल लागला तेव्हा ज्या विषयात ती आम्हाला शिकवत होती, त्यातच ती जेमतेम पास झाली होती.

मी तिला बघायला गेले तेव्हा ती व्हरांड्याच्या टोकाला एकटीच बसली होती. फोन बंद होता. तीन वर्षांत तो बंद असलेला मी तेवढाच एकदा बघितला. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "त्या मुलीवर माझा राग नाय. पण नंदिनी, ते उत्तर माझं नाय. चुकलेलं आसा तेंही माझं नाय." मग उठून पदर झटकावा तशी ओढणी झटकून म्हणाली, "तिसऱ्या वर्षी मी लेखनिक घेवचंय नाय. मी स्वतः कॉम्प्युटरवर लिहिणार."

बोलायला सोपं होतं. कॉम्प्युटरवर तिचा हात आमच्यापेक्षा वेगानं चालायचा. नियमात तशी तरतूदही होती, ती इतिहासाच्या सरांनी शोधून काढली. पण आमच्या भागात ती कुणी वापरलेली नव्हती. सरांनी अर्ज लिहिला, मुकादमनं तो ऐकून त्यात तीन दुरुस्त्या सांगितल्या, आणि आम्ही तिघं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलो. तिथले अधिकारी सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"असं आजपर्यंत झालेलं नाही, बाय," ते म्हणाले.

"आजपर्यंत मी तिसऱ्या वर्षाला नव्हतें, सर," मुकादम म्हणाली.

त्यांनी बऱ्याच शंका काढल्या. कॉम्प्युटरमध्ये आधीच उत्तरं भरलेली असली तर? इंटरनेट चालू असलं तर? इअरफोनमधून बाहेरचं कुणी सांगत असलं तर? तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं. कॉम्प्युटर कॉलेजचा, कोरा. इंटरनेट काढून टाका. इअरफोन तुम्ही तपासा. अधिकारी म्हणाले, बघू. त्या 'बघू'ला तीन महिने लागले. मुकादम दर सोमवारी फोन करायची, न चुकता, न चिडता. चौथ्या महिन्यात त्यांनी कळवलं की समितीसमोर आधी चाचणी होईल, ती जमली तर परवानगी.

चाचणी आमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये झाली. लॅब सांभाळायला मारुतीमामा होते, मूळचे चंदगडकडचे, पंधरा वर्षांपूर्वी कामाला गोव्यात आले ते इथलेच झालेले. त्यांनी आठ दिवस खपून एक जुना कॉम्प्युटर कोरा केला होता, त्यावर मराठी बोलणारा आवाज बसवला होता आणि कीबोर्डवरची सैल झालेली बटणं बदलली होती. समितीतले तिघं खुर्च्यांवर बसले. अधिकाऱ्यांनी एक उतारा सांगितला, तिनं तो लिहिला. त्यांनी एक प्रश्न विचारला, तिनं पानभर उत्तर लिहिलं. मग ते उठले आणि म्हणाले, "तो इअरफोन जरा द्या."

त्यांनी तो स्वतःच्या कानात घातला. अर्धा मिनिट ऐकलं. कपाळावर आठ्या आल्या. "हे काय बोलतंय?"

"मी लिहिलेलं वाचतंय, सर."

"यातलं एक अक्षर मला कळलं नाही."

"म्हणजे कॉपी करायला कोणाक उपयोगाचं नाय," ती म्हणाली.

समितीतल्या बाईंना हसू आवरलं नाही. अधिकाऱ्यांनी इअरफोन काढून जपून टेबलावर ठेवला आणि सही केली. ते सही करत असताना मुकादमनं विचारलं, "सर, लाइट गेली तर?" त्यांनी सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत लाइट जाणार नाही. मारुतीमामा मागं उभे राहून हे ऐकत होते.

इतिहासाच्या मुख्य पेपरच्या दिवशी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर आणि ती खाली एका वेगळ्या खोलीत होती. पेपर सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल, आणि पंखे थांबले. बाहेर ऊन, आत उकाडा, आणि खाली तिचा कॉम्प्युटर. मी उत्तर लिहीत होते ते तसंच ठेवून खिडकीकडं बघत राहिले. दोन बाकं सोडून प्रज्योत बसला होता, तोही लिहायचा थांबला होता. पर्यवेक्षकांनी आम्हाला दटावलं तेव्हा कुठं आम्ही मान खाली घातली. पुढची चाळीस मिनिटं मी काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

पेपर संपल्यावर आम्ही सगळे जिन्यावरून धावत खाली गेलो. खोलीचं दार उघडं होतं. काळोख्या खोलीत फक्त तिच्या कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला होता आणि ती ताठ बसून भराभर लिहीत होती, कारण तिला जादा वेळ मिळालेला होता. टेबलाखाली एक काळी बॅटरी घुरघुरत होती. दाराशी मारुतीमामा स्टुलावर बसले होते.

"ही बॅटरी कुठली मामा?" मी कुजबुजले.

"प्रिन्सिपलच्या केबिनातली," ते म्हणाले. "काल सांजच्याला काढून आणली. सायबास्नी उद्या सांगणार हाय." मग पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "दिवं गेलं तवा सगळी पळापळ करायला लागली. लेखनिक आणू का म्हणून सुपरवायझर बाई इचारत हुत्या. ही पोरगी म्हंती, कशाला, काय झालंय? तिला ठावंच न्हाई लाइट गेलीया."

आम्ही बाहेर व्हरांड्यात जमिनीवर बसून राहिलो. कुणी घरी गेलं नाही. माझी नेहमीची बस चुकली, ती मी चुकू दिली. आतून बटणांचा आवाज येत होता. तो थांबला, थोड्या वेळानं लाइट आली आणि प्रिंटरचा आवाज सुरू झाला. कागद एकामागून एक बाहेर पडत होते आणि प्रज्योत दाराबाहेरून मोजत होता. अठरा. सही-शिक्क्याचे सोपस्कार झाले आणि ती हातानं भिंत चाचपत बाहेर आली. आमचा श्वास ऐकून थांबली.

"सगळे हयंच आसात?" तिनं विचारलं.

"हय," आम्ही म्हटलं.

"पेपर सोपो होतो मगे," ती म्हणाली आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.

निकालात ती इतिहासात कॉलेजात पहिली आली. पण मला आठवतं ते वेगळं. आमच्या वर्गातलं त्या विषयात कुणीही नापास झालं नव्हतं, प्रज्योतसुद्धा नाही, आणि हे आमच्या कॉलेजात कधी झालं नव्हतं असं सर म्हणाले. काकांनी मयेहून सुपारीच्या पोवल्यात, म्हणजे झावळीच्या चिवट खोळीत बांधून केळ्यांचे दोन घड पाठवले, एक वर्गाला आणि एक मारुतीमामांना. प्रिन्सिपलनी आपली बॅटरी परत मागितली नाही. ती त्या लॅबच्याच नावावर चढवली.

पुढं ती एम.ए. करायला विद्यापीठात गेली आणि मी बी.एड. करून पेडण्याच्या एका शाळेत लागले. ती गेली त्या शुक्रवारी मी तिला म्हापशाच्या स्टँडवर सोडायला गेले होते. बाजाराचा दिवस, मिरच्या, सुकी मासळी, चवळीच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही पणजीच्या बसपर्यंत पोचलो. मला खूप काही बोलायचं होतं. ती बसच्या पायरीवर चढली आणि म्हणाली, "नंदिनी, शाळेत फळ्यावर लिहिशील ना, तर लिहिता लिहिता तोंडानंही सांग. वर्गात कोणाक काय दिसत नाय तें आपणाक कळत नाय." बस सुटली. हीच तिची निरोपाची भाषा. आजही मी पाठमोरी होऊन खडू उचलला की आपोआप बोलायला लागते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा आहे, त्याला चष्मा लागलाय हे त्याच्या घरच्यांना कळायच्या आधी मला कळलं.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. परीक्षा विभागातल्या त्याच अधिकाऱ्यांनी तिला बोलावलं होतं. या वेळी तीन विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरवर लिहायची परवानगी मागितली होती आणि त्यांची चाचणी घ्यायला समितीत ती हवी होती. अधिकारी फोनवर म्हणाले म्हणे, "बाय, आम्हाला त्यातलं ऐकू येत नाही. तू येऊन ऐक." मी रजा काढून स्कूटरवरून तिला घेऊन गेले.

पहिली मुलगी पेडण्याचीच निघाली, माझ्याच गावापलीकडची. जेमतेम अठरा वर्षांची. शेजारी आई बसली होती आणि आईचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता. कॉम्प्युटर सुरू झाला, तरी तिची बोटं कीबोर्डवर जाईनात. समिती थांबून राहिली. मुकादम आपल्या खुर्चीवरून उठली, टेबलाच्या कडेनं चाचपत तिच्यापाशी गेली आणि खाली बसली.

"भिलंस?" तिनं विचारलं.

"हय," मुलगी म्हणाली. "माका चुकात म्हणून भय दिसता."

"चुकात," मुकादम म्हणाली. "पण ती चूक तुझी आसतली. दुसऱ्या कोणाची नाय."

मुलीनं आईचा हात सोडला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.